वही पूर्ण वाचा : आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात बालविभागाच्या दाराशी सूचना लागली. 'खेळणाऱ्यांचे व पालकांचे अभिप्राय विचारात घेऊन, तसेच ऑनलाइन गेमिंगविषयक नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर' पोर्टल २ हा संगणकावरचा खेळ बंद करण्यात आला आहे, असं तिच्यात म्हटलं आहे. त्याच दिवशी संगणक कार्यालयात गेला, टेबल भिंतीला लागलं आणि अभिप्राय वही ग्रंथपालांच्या कपाटात बंद झाली. मी लेखी अर्ज दिला. 'निर्णय झालेला आहे' एवढंच उत्तर आलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. ते तुमच्यासाठी आहेच, पण ज्यांची मुलं त्या टेबलाभोवती गर्दी करत होती त्या पालकांनी आणि ज्यांना यातलं काहीच कळवलं गेलं नाही त्या सभासदांनीही ते वाचावं.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. ड्रॉइंग वाचायचं, जिग-फिक्स्चर बनवायचं, जॉब का बसत नाही ते शोधायचं. लग्नाआधीपासून मी या वाचनालयाचा सभासद आहे. निवृत्तीनंतर शनिवारी-रविवारी दुपारी बालविभागात बसतो, पुस्तकं लावतो, फाटलेली चिकटवतो. हा खेळ तिथे सुरू झाला तेव्हापासून मुलांच्या शेजारी बसून मीही तो खेळलो आहे, त्यामुळे त्या वहीत माझाही अभिप्राय आहे. तुम्ही जो निर्णय 'खेळणाऱ्यांच्या अभिप्रायांवरून' घेतला, त्या खेळणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझा या प्रकरणाशी संबंध आहे तो असा.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोर्टल २ हा अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा, २०११ सालच्या एप्रिलमध्ये आलेला खेळ. त्याच्या आधीचा पोर्टल २००७ चा. चेल नावाची एक बाई एका पडक्या, अवाढव्य प्रयोगशाळेत अडकली आहे आणि आपण तिच्या डोळ्यांनी सगळं पाहतो. तिच्या हातात एक उपकरण आहे. त्यानं ठरावीक पांढऱ्या पृष्ठभागांवर दोन दारं उघडता येतात, एक निळं आणि एक नारिंगी. एकातून आत शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. दार भिंतीवर उघडा, जमिनीवर उघडा, छतावर उघडा. या एवढ्या एका सोयीवर एकामागून एक दालनं रचलेली आहेत आणि प्रत्येक दालनातून बाहेर पडायचा मार्ग आपला आपण शोधायचा. पहिल्या पोर्टलची मूळ कल्पना 'नर्बॅक्युलर ड्रॉप' नावाच्या खेळातली. डिजिपेन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून केला होता. व्हॉल्व्हनं त्या विद्यार्थ्यांनाच कामावर घेतलं.

आता माझी तक्रार.

बैठकीच्या इतिवृत्तात तुम्ही वहीतले चार अभिप्राय उद्धृत केले आहेत. एकात खेळ कंटाळवाणा म्हटला आहे, दुसऱ्यात काही कळत नाही असं आहे, तिसऱ्यात चक्कर आल्याचं आणि चौथ्यात खेळभर बोलणाऱ्या यंत्राचं बोलणं लागट असल्याचं. चारही खरे आहेत, त्या वहीतलेच आहेत. पण कोड्याच्या खेळाबद्दलचं मत कधी लिहिलं गेलं हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. अडकलेला माणूस एक लिहितो आणि तोच माणूस कोडं सुटल्यावर वेगळं लिहितो. तुम्ही अडकलेल्यांची मतं उचललीत आणि सुटलेल्यांची तिथेच ठेवलीत.

'काही कळत नाही, बोअर आहे' हे वाक्य आठवीतल्या एका मुलीचं आहे. आप्पा बळवंत चौकातून शाळेच्या वह्या घेऊन परत जाताना ती आणि तिची मैत्रीण आत आल्या, थोडा वेळ खेळल्या आणि हे लिहून गेल्या. तीच मुलगी पुढच्या आठवड्यात परत आली. वहीची पानं उलटलीत तर तिचंच अक्षर पुन्हा दिसेल, या वेळी जवळजवळ पानभर. त्यात आकृती आहे. एक खोल खड्डा, त्याच्या तळाशी निळं दार, समोरच्या उंच भिंतीवर नारिंगी दार, मध्ये ओलांडता न येणारं अंतर. वरून खड्ड्यात उडी मारली की पडताना वेग वाढत जातो आणि तोच वेग घेऊन आपण भिंतीतल्या दारातून आडवे बाहेर फेकले जातो, थेट पलीकडच्या कठड्यावर. खाली जाणारे बाण तिनं सुरुवातीला आखूड आणि तळाशी लांब काढले आहेत. नारिंगी दारातून बाहेर पडणारा बाण तळाच्या बाणाएवढाच लांब आहे. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी फक्त समासात बाजूचं दृश्य आणि वरचं दृश्य वेगवेगळं कसं काढतात ते दाखवलं, कारण तिची आकृती दोन्हींची सरमिसळ झाली होती. आकृतीखाली तिनं लिहिलं आहे की वेग तेवढाच राहतो, दिशा बदलते. टूलरूममध्ये शिकाऊ मुलांना ड्रॉइंगमधून हालचाल डोळ्यांसमोर आणायला शिकवताना आमची किती शक्ती जायची ते मला ठाऊक आहे. त्या पानाची किंमत मला कळते, म्हणून ते तुमच्या इतिवृत्तात नाही याचं मला वाईट वाटलं. नुसतं वाईट वाटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच मुलीचं पहिलं वाक्य वापरून तिचाच खेळ बंद केला गेला, हा तिच्यावर अन्याय आहे.

दुसरी तक्रार अशी की तुमच्यापैकी एकही जण बघायला आला नाही. बालविभाग वरच्या मजल्यावर आहे आणि तुमच्या बैठकीची खोली खाली. मधे एक जिना आहे. हा खेळ बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्यांचं मत कसं घेतलं ते सांगतो. ते बाहेरच्या लोकांना बोलावून खेळायला बसवत आणि स्वतः काही न बोलता नुसतं पाहत. पहिल्या पोर्टलमध्ये एक दालन आहे, त्यात एकच ठोकळा शेवटपर्यंत बरोबर न्यावा लागतो. चाचणीला आलेले लोक तो वाटेत टाकून पुढे जात आणि मग अडकत. 'दालन अवघड आहे' या तक्रारीवर ते दालन काढून टाकणं सोपं होतं. त्यांनी पाहिलं की अडचण कोड्यात नाही, माणसाला त्या ठोकळ्याविषयी काही वाटत नाही यात आहे. मग यंत्राच्या तोंडी त्या ठोकळ्याबद्दल वाक्यं घातली, त्याला सोबती ठरवलं. बदामाचं चित्र असलेला तो ठोकळा पुढे त्या खेळाची ओळख होऊन बसला. या सगळ्या हकिकती बनवणाऱ्यांनी खेळातच ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत, कोणीही ऐकू शकतो. मुलं कुठे अडकतात, कोण कोणाला सांगतं, कोण उठून जातं आणि कोण परत येतं, हे वहीतल्या चार ओळींत सापडणार नाही. ते बघावं लागतं.

बैठकीत एका सदस्यांनी 'गोळीबाराचे खेळ वाचनालयात नकोत' असं म्हटल्याची नोंद आहे. गोळीबाराचे खेळ बालविभागात नसावेत, हे मलाही मान्य आहे. पण हा त्यातला नाही. खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून जग दिसणं हा नुसता दाखवण्याचा प्रकार आहे. १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी 'मिस्ट' केला, त्यात एका निर्जन बेटावर फिरून यंत्रांची कोडी सोडवायची. क्रोएशियाच्या क्रोटीमचा २०१४ चा 'द टॅलोस प्रिन्सिपल' आणि जोनाथन ब्लोचा २०१६ चा 'द विटनेस' हेही याच जातीचे. शेवटच्यात तर पाट्यांवर रेघ ओढत जायची, एवढंच हातात आहे. पोर्टलमधलं उपकरण दिसायला बंदुकीसारखं आहे हे खरं, आणि काही दालनांत आपल्यावर गोळ्या झाडणारी छोटी यंत्रं आहेत हेही खरं, ते लपवायचं कारण नाही. पण खेळणाऱ्याच्या हातून गोळी सुटत नाही. त्या यंत्रांना चुकवायचं किंवा धक्का देऊन पाडायचं असतं. अमेरिकेतल्या वयोगट ठरवणाऱ्या मंडळानं पोर्टल २ दहा वर्षांवरच्या सर्वांसाठी ठरवला आहे. त्याच्या खालच्या वयाच्या मुलांना आम्ही खेळायला बसवतच नव्हतो.

कायद्याचं मी दोन ओळींत संपवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. आपल्या टेबलावर पैसे लावायचा प्रश्नच नव्हता आणि खेळताना इंटरनेटही बंद असायचं. सूचनेतून तो उल्लेख काढा, कारण तो वाचून मुलांनी काही बेकायदा केलं असं पालकांना वाटतं आहे. तसं मला दोघांनी विचारलंसुद्धा.

चक्कर येण्याची तक्रार मात्र मी पूर्ण मानतो. ती लिहिणाऱ्या एकट्या बाईंची ती नाही, वहीत आणखीही आहेत. डोळ्यांना वाटतं आपण वेगानं फिरतो आहोत, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण खुर्चीवर बसलेले आहोत. या दोघांचं जमलं नाही की मळमळतं. वही नीट वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. चक्कर आल्याचं लिहिणाऱ्यांत मागे उभं राहून पाहणारेच जास्त आहेत. वरंधा घाटात गाडी चालवणाऱ्याला लागत नाही, मागच्या सीटवरच्याला लागते, तसंच हे. ज्याच्या हातात माउस आहे त्याला पुढचं वळण आधी ठाऊक असतं. यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. माउसचा वेग कमी करायचा, खुर्ची पडद्यापासून मागे घ्यायची, खोलीतले दिवे चालू ठेवायचे, पाळी छोटी ठेवायची, बघणाऱ्यांची बाकं पडद्याच्या अगदी समोरून हलवायची. एवढं करूनही ज्याला त्रास होईल त्यानं खेळू नये, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं. हे सगळं मी अर्जात सुचवलं होतं.

चौथा अभिप्राय एका आईचा आहे आणि तो सगळ्यांत विचार करून लिहिलेला आहे. ग्लॅडॉस नावाचं जे यंत्र खेळभर बोलत राहतं, ते चेलला तिच्या वजनावरून आणि तिला आई-वडील नाहीत यावरून टोमणे मारतं. त्यांच्या मते हे मुलांच्या कानावर पडू नये. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अशा घरातली मुलंही आपल्याकडे येतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मुलांना ते बोलणं दुष्ट आहे हे कळत होतं आणि त्यावर ती आपापसांत बोलतही होती, पण ते एका आईचं समाधान करायला पुरेसं नाही. त्या दालनांत आवाज बंद ठेवता येतो. यंत्राचं बोलणं ऐकल्यावाचून कोडं अडत नाही. त्या बाईंना बोलावून, त्यांच्यासमोर कोणता भाग ठेवायचा आणि कोणता वगळायचा ते ठरवता आलं असतं. त्यांनी वहीत खेळ बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यांचं वाक्य अर्धं तोडून इतिवृत्तात घेतलं गेलं आहे, पुढचं 'मोठ्या माणसानं शेजारी बसावं' हे गाळलं आहे.

आवाजाची तक्रार वाचनकक्षातून आली, तीही खरी आहे. दोन मुलं एकत्र खेळायला बसली की बोलणं होतंच. पोर्टल २ मध्ये दोघांनी मिळून खेळायचा वेगळा भाग आहे. दोन यंत्रमानव, प्रत्येकाची दोन-दोन दारं, एकाच पडद्याचे दोन भाग. एकाच्या हातात कीबोर्ड-माउस, दुसऱ्याच्या हातात कंट्रोलर. एकानं दार उघडायचं, दुसऱ्यानं उडी मारायची, आणि एक चुकला की दुसराही अडकतो. मराठी माध्यमातला सहावीतला मुलगा आणि इंग्रजी माध्यमातली त्याच्याहून मोठी मुलगी यांना मी शेजारी बसून 'तू थांब, मी आधी जाते, मग तू ठोकळा टाक' असं ठरवताना पाहिलं आहे. पडद्याखालची इंग्रजी वाक्यं ती वाचून दाखवायची आणि पुढे कसं जायचं ते तो सांगायचा. आपल्या बालविभागात या दोन माध्यमांची मुलं एका टेबलावर एरवी बसत नाहीत. खालच्या वाचकांना त्रास होत असेल तर दार लावा, वेळ बदला. सकाळी वाचनकक्ष भरलेला असतो, दुपारी नसतो.

आता संगणकाचं. मे २०१२ मध्ये व्हॉल्व्हनं या खेळाला स्वतःची दालनं बनवायचं साधन फुकट जोडलं. आपल्या मुलांनी त्यातून दालनं बनवली आहेत. त्यातलं एक आपल्याच वाचनालयाच्या जिन्यावर बेतलेलं आहे. वळणावरचा कठडा, वरची गच्ची, खालचा कोनाडा, सगळं मापात. दोन मुलांनी त्यासाठी माझी जुनी स्टीलची टेप घेऊन खरोखर जिना मोजला होता. तो संगणक आता कार्यालयात सभासद-वर्गणीच्या नोंदींसाठी वापरणार आहात असं कळलं. कृपा करून त्यावरचं काही पुसू नका. ते मुलांचं काम आहे, त्यांना न विचारता काढून टाकायचा अधिकार मंडळाला नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे शहर मुलांनी हातानं करून शिकावं असं मानणाऱ्यांचं आहे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका आपल्याला माहीत आहे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवून विज्ञान शिकवण्याचं अरविंद गुप्तांचं काम तिथेच बहरलं. २०२० साली जगभर गेलेला 'राजी' हा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला. म्हणजे खेळ बनवणं हे आता इथलं काम आहे, इथल्या मुलांचं पोट भरू शकणारं काम. अशा शहरातल्या वाचनालयाच्या बालविभागात वीस मिनिटांच्या पाळीनं खेळला जाणारा कोड्यांचा एक खेळ मावू नये, हे मला पटत नाही. कपाटात गणिती कोड्यांची पुस्तकं आपण अभिमानानं ठेवतो आणि नवीन सभासद आला की दाखवतो. पडद्यावरच्या कोड्याला वेगळा न्याय का, हे मंडळानं सांगावं.

माझ्या मागण्या या आहेत.

बंदीचा निर्णय स्थगित करून विषय पुढच्या बैठकीत परत घ्यावा आणि त्या बैठकीत अभिप्राय वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जावी. आकृत्यांसह.

त्याआधी प्रत्येक सदस्यानं एका दुपारी बालविभागात येऊन मुलांना खेळताना पाहावं, जमल्यास स्वतः एक दालन सोडवावं. मी शेजारी बसेन, सांगणार मात्र काही नाही.

ज्या आईंनी टोमण्यांबद्दल लिहिलं आहे त्यांना, आणि चक्कर आलेल्यांपैकी जे येऊ शकतील त्यांना बैठकीला बोलवावं. खेळणाऱ्या मुलांमधूनही दोघांना बोलवावं, एक मुलगी आणि एक मुलगा. अभिप्राय त्यांचे आहेत, तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा अर्थ लावू नये.

सूचनेतला कायद्याचा उल्लेख आजच काढावा. त्यासाठी बैठकीची गरज नाही.

संगणकावरची मुलांची दालनं वेगळी उतरवून घ्यावीत. पेनड्राइव्ह मी देतो.

आणि वही कपाटातून काढून पुन्हा टेबलावर ठेवावी, खेळ बंद असला तरी. शनिवारी ती मुलं वर आली होती. खेळ नाही म्हटल्यावर काहींनी वही मागितली, कारण त्यांना बंदीबद्दल लिहायचं होतं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ग्रंथपालांकडे नव्हती, ती कार्यालयात आहे. या शनिवारी ती बालविभागात असावी.

आपला नम्र,
बालविभागात शनिवारी-रविवारी बसणारा एक आजीव सभासद
पुणे